इच्छा असली तर

मला कोड आहे. उजव्या हाताच्या बोटांवर, दोन्ही कोपरांवर, ओठाच्या डाव्या कडेला आणि मानेच्या मागे. हे आधीच सांगून टाकते, कारण ख्रिस्ती माणसाने 'बरं होण्याविषयी' लिहायला घेतलं की वाचणाऱ्याला वाटतं, शेवटी डाग गेले असणार. गेलेले नाहीत. थोडे भरून आलेत, तेही अतिनील किरणांच्या उपचाराने आणि मलमाने. लिहायचंय ते त्या डागांपायी ज्या घराने मला नको म्हटलं त्याबद्दल, आणि त्यातून मी कशी बाहेर आले त्याबद्दल.

मी नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या घरात अजून नगरच. अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ साली काम सुरू केलं, आणि आमचं घराणं त्या मिशनच्या जुन्या कुटुंबांपैकी. आजी भाकरी थापताना ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं म्हणायची. रविवारची शाळा, वचनं पाठ करायच्या स्पर्धा, नाताळच्या आधी घरोघर गात फिरणं, सगळं झालं. विश्वास मला आडनावासारखा मिळाला होता, काही न करता. तो कधी वापरायची वेळ येईल असं वाटलंही नव्हतं.

लग्न पुण्यातल्या मुलाशी झालं. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार उपासनेत घोषणा होते, या विवाहाला कोणाची रास्त हरकत असेल तर त्याने सांगावी म्हणून. कोणी काही बोललं नाही. हरकत निघाली वर्षा-दीड वर्षाने, माझ्या तर्जनीवर, तांदळाएवढी.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. रोज हायपोक्लोराइट, ग्लोव्ह्ज, साबण. मला वाटलं, रसायनाने झालं असेल. त्वचारोगतज्ज्ञांनी खोलीत अंधार करून वुड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली हात धरला तर डाग निळसर पांढरा चमकला, आणि न दिसणारे आणखी दोन दिसले. त्यांनी नीट समजावून सांगितलं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्वचेतल्या रंगपेशींवर उलटते. स्पर्शाने, ताटातून, कपड्यांतून पसरत नाही. जगात साधारण अर्धा ते दोन टक्के लोकांना असतं. थायरॉईडची तपासणी करून घ्या, कारण दोन्ही बरेचदा सोबत असतं. मी हे सगळं घरी येऊन जेवणाच्या टेबलावर जसंच्या तसं सांगितलं. माहिती दिली की भीती जाते, असा माझा त्या वेळी समज होता. लॅबमधल्या माणसाला तसं वाटतं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर होता. मग पेला वेगळा झाला. मग "तुझ्या हाताला मलम असतं, कणीक मी मळते." भांडण असं एकही झालं नाही. झालं असतं तर बरं, निदान उत्तर देता आलं असतं. नणंदेचं लग्न जमवायचं चाललं होतं, आणि घरात असं काही आहे हे बाहेर कळलं तर तिचं कसं व्हायचं, हा विषय माझ्यासमोर दार थोडं लोटून बोलला जायचा. शेवटी नवरा म्हणाला, "थोडे दिवस नगरला जाऊन ये. ट्रीटमेंट पूर्ण कर, मग बघू." मी गेले. फोन आधी रोज यायचा, मग रविवारी, मग कधीतरी. आणि एक दिवस गाडीवाल्याबरोबर बॅगा आल्या. माझी सर्टिफिकेटं, साड्या, शिलाई मशीन. लग्नात आम्हा दोघांना मिळालेलं बायबलसुद्धा त्यांनी माझ्याच बॅगेत घातलं होतं.

नाकारलं जाणं म्हणजे नेमकं काय दुखतं, याचा मी नंतर खूप विचार केला. बसमध्ये शेजारची बाई माझा हात बघून सरकून बसली तर राग येतो, पण तो स्टॉप येईपर्यंत टिकतो. तिला मी माहीत नसते. नवऱ्याला मी माहीत होते. मी झोपेत बडबडते, मला कारलं आवडतं, मला कशाचं हसू येतं, हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाने सगळं विचारात घेऊन नको म्हटलं होतं. तो निकाल अपीलाच्या पलीकडचा वाटायचा. रात्री मी आरशासमोर उभी राहून त्याच्या नजरेने स्वतःकडे बघायचे, आणि त्याचं म्हणणं मला पटायचं. हे सगळ्यात वाईट होतं.

मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, आधार मिळेल असं वाटलं होतं. काहींनी दिलाही. आईच्या मैत्रिणी डबे पाठवायच्या. पण दोन प्रकारची माणसं अशी भेटली की घराबाहेर पडणं नको झालं. एक, ज्यांना कारण हवं होतं. "काही कबूल करायचं राहिलंय का गं?" असं एका काकूंनी अगदी प्रेमाने विचारलं. दोन, ज्यांच्याकडे वचन तयार होतं. साराय छळते म्हणून तिची दासी हागार रानात पळाली, तेव्हा देवदूताने तिला सांगितलं की परत जा आणि मालकिणीच्या हाताखाली राहा. उत्पत्तीचा सोळावा अध्याय. मला ते वचन एवढ्या वेळा ऐकवलं गेलं की हागार या बाईचाच राग यायला लागला.

आणि प्रभुभोजन, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. आमच्याकडे तेव्हा एकच प्याला फिरायचा. पाळकसाहेब रांगेने येत, प्रत्येकाच्या ओठाला प्याला लावत, फडक्याने कड पुसत, थोडा फिरवून पुढच्याला देत. एका रविवारी माझ्यानंतर गुडघे टेकलेल्या बाईंनी भाकर घेतली, आणि प्याला आला तेव्हा मान खाली घालून नुसती हलवली. पाळकसाहेब क्षणभर थांबून पुढे गेले. कोणाच्या लक्षातही आलं नसेल. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला न चुकता डोकेदुखी सुरू झाली.

या काळात एक मावशी मला आग्रहाने चंगाई सभेला घेऊन गेल्या. मोठा मांडव, कर्कश स्पीकर, हलगीसारखा ढोल. स्टेजवरच्या सेवकाने कपाळाला तेल लावलं, हात धरून डागांना निघून जायची आज्ञा दिली आणि पुढच्या सभेत साक्ष द्यायला ये म्हणून सांगितलं. मी मनापासून विश्वास ठेवला. रोज सकाळी उजेडात हात धरून बघायचे. पुढच्या सभेला बाह्या खाली ओढून गेले, तर एका ताईंनी कानाशी येऊन सांगितलं की शंका आडवी आली असणार. देवाला बरं करता येत नाही असं माझं म्हणणं नाही. माझं भांडण त्या हिशेबाशी आहे, ज्यात बरं झालं तर देवाची करणी आणि नाही झालं तर आजाऱ्याचा दोष. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू सांगतो, दोघांचंही नाही. तो अध्याय त्या मांडवात कोणी उघडला नाही. मी मात्र घरी येऊन बायबल कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. सासरच्यांनी नको म्हटलं होतं. आता वाटलं, वरूनही तेच उत्तर आलंय.

नगरमध्येच एका लॅबमध्ये नोकरी धरली होती. घरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम नवीन माणसाच्या वाट्याला येतं. असंच एकदा साखर तपासायला एका म्हाताऱ्या बाईंकडे गेले. सगळं गाव त्यांना मेट्रनबाई म्हणतं. मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात त्यांची नोकरी झालेली. १९८०च्या दशकात एकत्रित औषधांचा उपचार येऊन लोक खडखडीत बरे होऊ लागले, त्याच्या आधीचे दिवसही त्यांनी पाहिलेले. माझा एक ग्लोव्ह फाटला म्हणून मी दुसरा काढत होते, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला, खिडकीकडे वळवला, बोटं उलटीसुलटी करून बघितली.

"कधीपासून? थायरॉईडचं टीएसएच केलंस का?"

"केलंय. नॉर्मल आहे."

"मग ठीक. घे रक्त."

हात धरायच्या आधी त्या थांबल्या नाहीत, आणि धरल्यावर 'बघ, मी धरला' असा भावही चेहऱ्यावर नव्हता. निघताना म्हणाल्या, "हल्ली उपासनेला दिसत नाहीस." मी म्हटलं, देवाशी भांडण झालंय. त्यावर उपदेश येणार याची तयारी मी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "त्याला सांगितलंस का, की नुसतंच आपलं मनात?"

त्यांनी मला वाचायला दिलं तेही विचित्रच. बायबलमधलं स्तोत्र १३, २२ आणि ८८. मोठ्याने वाचायची, दार लावून. "आशेची वचनं सध्या वाचायची नाहीत," असा वर दम. आजपर्यंत मला सगळ्यांनी आशेचीच वचनं दिली होती, स्टिकरसकट.

स्तोत्र १३ची सुरुवातच 'कुठवर' या प्रश्नाने होते, आणि तो प्रश्न लागोपाठ चार वेळा येतो. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत वर येतच नाही. बाकीच्या विलापांत शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळण असतं. इथे बोलणारा माणूस देवाला सांगतो की तू माझे सखेसोबती माझ्यापासून दूर केलेस, आणि अंधारातच थांबतो. कोणीतरी हे लिहिलं, लोकांनी ते जपलं, आणि पवित्र शास्त्रात राहू दिलं. १५० स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी असल्या विलापांचा आहे. आम्ही दर रविवारी गातो ती मात्र बहुतेक स्तुतीचीच. यावर आमच्या संगीत समितीने कधीतरी विचार करावा.

बावीसावं स्तोत्र मला पाठ होतं असं मला वाटायचं, कारण गुड फ्रायडेला त्याची पहिली ओळ दरवर्षी ऐकलेली. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" वधस्तंभावरून येशू हे म्हणाला, त्यावर सात उद्गारांच्या उपासनेत प्रवचनं होतात, आम्ही घड्याळं बघतो. दार लावून स्वतःच्या तोंडाने म्हटलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की टाकलेल्या माणसाचं हे वाक्य आहे आणि ते प्रार्थना म्हणून म्हटलेलं आहे. तक्रार म्हणजे अविश्वास, असं मी धरून चालले होते. पण तक्रार करायला समोर कोणीतरी आहे असं मानावंच लागतं. मी कपाटातलं बायबल खाली काढलं ते भक्तीने नव्हे, भांडायला.

एक दोनशेपानी वही केली. मेट्रनबाईंनी पद्धत सांगितली: आधी हाक मार, मग झालेलं सगळं नावानिशी सांग, मग काय हवंय ते माग, विश्वासाचं वाक्य येत असेल तर लिही, नसेल तर जागा मोकळी सोड. सुरुवातीची पानं कोणाला दाखवण्यासारखी नाहीत. सासूबाईंबद्दल जे लिहिलंय ते शत्रूला शाप देणाऱ्या स्तोत्र १०९ला लाजवेल. मोकळ्या जागा पुष्कळ दिवस मोकळ्याच राहिल्या.

याच सुमाराला मी समुपदेशकाकडेही जायला लागले. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या लोकांना असं वाटतं की प्रार्थना आणि समुपदेशन यांतलं एकच निवडायचं असतं. समुपदेशक ख्रिस्ती नव्हत्या. वहीचं त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, चालू ठेवा.

मेट्रनबाईंच्या घरी दर गुरुवारी चार-पाच जणी बायबल वाचायला जमायच्या. मी तिथे जायला लागले आणि पहिल्याच गुरुवारी हागारवर घसरले. मेट्रनबाई म्हणाल्या, "सोळावा अध्याय वाचलास. एकविसावा?" एकविसाव्यात हागारला पुन्हा घालवून देतात, आता मुलासकट, भाकर आणि पाण्याची पखाल खांद्यावर देऊन. पाणी संपतं. मुलगा मरताना बघवत नाही म्हणून ती लांब जाऊन बसते आणि रडते. देवदूत पुन्हा बोलतो. पण या वेळी तो 'परत जा' म्हणत नाही! ऊठ, मुलाला उचल, एवढंच. आणि तिला विहीर दिसते. पुढे ती त्या घरी कधीच जात नाही, रानातच राहते, मुलाला वाढवते, त्याला मिसर देशातली बायको करून देते. मला ज्यांनी ज्यांनी सोळावा अध्याय ऐकवला होता, त्यांतल्या एकालाही एकविसावा आठवला नव्हता. त्या दिवशी मी घरी येताना भेळ घेतली. बऱ्याच महिन्यांनी मला काहीतरी खावंसं वाटलं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरणही मला पुष्कळांनी दिलं. आमच्या नगरात ते द्यायलाच हवं. १८९५ साली त्यांच्या नवऱ्याने, ना. वा. टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या, मग दोघं पुन्हा एकत्र आली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. बाई म्हणून त्या मला फार आवडतात. पण उदाहरण माझ्या कामाचं नव्हतं. त्यांचा संसार परत जुळला. मला अशी बाई हवी होती जिचं परत काही जुळलं नाही.

ती केडगावला भेटली. पुणे-दौंड मार्गावरचं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. गुरुवारच्या बायकांची सहल म्हणून गेलो होतो. रमाबाईंचा नवरा १८८२ सालीच वारला; १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच पाठ फिरवली. १८९३ साली त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेतल्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय या वादावरून रानडे, भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. एवढं झाल्यावर या बाईने काय करावं? १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून कोणाला नको असलेल्या विधवा आणि पोरी केडगावला आणल्या. त्यांना विणकाम, शेती, छपाई शिकवली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः मराठी बायबल केलं, आणि त्याची जुळणी-छपाई तिथल्याच बायकांनी केली. १९२१ साली मुलगी मनोरमा गेली, १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ साली.

मी केडगावहून भारावून वगैरे आले नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. त्या पोरींना 'तू किती मौल्यवान आहेस' असं कोणी रोज ऐकवलं असेल की नाही कोण जाणे. त्यांच्या हातात छपाईचे खिळे दिले आणि शास्त्राची पानं जुळवायला लावली. ज्या हातांना घरात कणीक मळू दिली नाही ते माझे हात मला आठवले. परत आल्यावर मी मेट्रनबाईंना विचारलं, मंडळीत मला करता येईल असं काय आहे? दर महिन्याला वस्तीत रक्तदाब-साखर तपासणीचं शिबिर असायचं, तिथे माणूस हवाच होता. पहिल्या शिबिरात मी अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून गेले. उन्हाळाही होता म्हणा.

आता मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाबद्दल. खरं म्हणजे एवढ्यासाठीच मी लिहायला बसले.

कुष्ठरोगी येशूकडे येतो, गुडघे टेकतो. मी हे लहानपणी फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून ऐकलेलं. गुरुवारी वाचताना मेट्रनबाईंनी एकच विचारलं, "याला शंका कशाची आहे?" आम्ही म्हटलं, बरा होईन की नाही याची. "नीट वाचा." तो म्हणतो, आपली इच्छा असली तर आपण मला शुद्ध करायला समर्थ आहात. सामर्थ्याबद्दल त्याला शंकाच नाही. शंका आहे ती इच्छेबद्दल. याला मी हवा आहे का? बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातल्या नियमाप्रमाणे त्याने फाटके कपडे घालून, 'अशुद्ध, अशुद्ध' असं स्वतःच ओरडत, वस्तीबाहेर एकट्याने राहायचं असतं. असं वर्षानुवर्षं ओरडल्यावर माणसाला देवाच्या ताकदीची शंका येत नाही, आपण त्याला चालू का, याची येते. चंगाई सभेत मी ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते तो हाच होता, आणि तिथे सगळे मला सामर्थ्याबद्दलच सांगत होते.

येशू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. मग म्हणतो, माझी इच्छा आहे. मग शुद्ध हो. हा क्रम मी घरी जाऊन पुन्हा पुन्हा वाचला. स्पर्श झाला तेव्हा तो माणूस अजून रोगी होता. नुसत्या शब्दाने बरं करता आलं असतं, दुसरीकडे केलेलंही आहे. म्हणजे तो स्पर्श बरं करण्यासाठी लागत नव्हता, त्या माणसाला लागत होता. माझ्या बाबतीत तिसरी गोष्ट झालेली नाही. पहिल्या दोन झाल्या आहेत, असं मी म्हणते. खिडकीपाशी माझा हात उलटासुलटा करून बघणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या हातांतून झाल्या असं कोणी म्हटलं तरी माझी हरकत नाही.

त्या गोष्टीचा शेवट आणखी नवलाचा आहे. बरा झालेला माणूस गावात जातो, आणि गर्दी इतकी होते की येशूलाच उघडपणे गावात येता येत नाही, तो बाहेर ओसाड जागी राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल होते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात शेवटी म्हटलंय की त्याने वेशीबाहेर दुःख सोसलं, तर आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. मला बाहेर काढलं तेव्हा मी देवाच्या घरातूनही बाहेर पडले असं समजत होते, आणि तो तिथे आधीच उभा होता. हे समजल्यावर त्या रात्री मी वहीतली एक मोकळी सोडलेली जागा भरली.

प्रभुभोजनाला मी पुन्हा गेले ती गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारच्या उपासनेला. मेट्रनबाई येऊन माझ्या पुढच्या क्रमाला बसल्या, म्हणजे माझ्यानंतर प्याला त्यांना. पुढेही त्यांनी ती जागा सोडली नाही. मान हलवणाऱ्या बाई पलीकडच्या रांगेत बसतात. पूर्वी त्यांच्याकडे बघून मी ठरवायचे, गुडघे टेकायचे की नाही. आता माझी नजर तिकडे जात नाही, गेली तर सलाम करते. गंमत म्हणजे कोरोनानंतर आमच्याकडे छोटे वेगवेगळे पेले आले आणि प्रश्नच मिटला. मला थोडं वाईट वाटलं. एका प्याल्यातून पिण्यासाठी मी एवढी खटपट केली होती!

घटस्फोटाबद्दल फार लिहीत नाही. ख्रिस्ती जोडप्यांसाठीचा कायदा १८६९चा, आणि परस्पर संमतीने वेगळं व्हायची सोय त्यात आली २००१ साली. त्याआधी बायकोला नुसता व्यभिचार सिद्ध करूनही पुरत नसे, त्याच्या जोडीला आणखी काही दाखवावं लागे. आमच्या आज्यांनी काय केलं असेल देव जाणे. आमचं संमतीने झालं. कोर्टाच्या व्हरांड्यात तो समोर आला तेव्हा त्याची नजर आधी माझ्या हातावर गेली. मी हात पदराखाली घेतला नाही. "कशी आहेस?" म्हणाला. बरी आहे म्हटलं, आणि ते खरं होतं.

क्षमेबद्दल मात्र लिहायला हवं, कारण लोक तिथेच घाई करतात. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करा, हे येशूचं वचन मला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं गेलं होतं. योसेफाची गोष्ट वाचा म्हणावं. भावांनी विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा. भाऊ धान्य मागायला समोर आले तेव्हा साधारण ३९चा. मधली २२ वर्षं जाऊ द्या. समोर आल्यावरही तो लगेच गळ्यात पडत नाही. ओळख लपवतो, परीक्षा बघतो, आत जाऊन रडतो, तोंड धुऊन बाहेर येतो. मला तो तोंड धुण्याचा तपशील फार आवडतो. मेट्रनबाईंनी मला एवढंच सांगितलं होतं की नवऱ्यासाठी आशीर्वाद मागता येत नसेल तर रोज त्याचं नुसतं नाव घे. मी नुसतं नाव घ्यायचे. त्याने दुसरं लग्न केलं हे व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं, त्या रात्री नावही घेता आलं नाही, पुन्हा स्तोत्र १३पासून सुरुवात. पुढे कधीतरी त्याच्या बाळासाठी प्रार्थना केली आणि नंतर लक्षात आलं की केली. सासूबाईंचं अजून नावापर्यंतच आलंय.

हल्ली मंडळीतली, बाहेरचीही, माणसं मुलींना घेऊन माझ्याकडे येतात. ताई, प्रार्थना करा. मी करते. मग विचारते, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं का, थायरॉईड तपासलं का. किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्‌महिने घ्यावा लागतो, मध्येच सोडू नका. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने हे होत नाही, हेही सांगावं लागतं. मग आईबापांना बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलते. बहुतेक जणी त्वचेबद्दल विचारतच नाहीत. मी मार्क काढून पहिला अध्याय चाळीसाव्या ओवीपासून वाचायला देते आणि गप्प बसते. काही जणी वाचता वाचता थांबतात. काही जणी रागाने पुस्तक मिटतात, त्यांना मी स्तोत्र ८८चा आकडा लिहून देते.